क्लॅरिनेटचं बटण

बँडच्या गाडीवर नव्यानंच निघालेला कीबोर्ड चढला. बटण दाबलं की हवं ते वाद्य वाजायचं. दस्तगीरचाचांना वाटलं, आपली क्लॅरिनेट आता खुंटीला टांगायची! पण कीबोर्डवाल्या संपतनं मालकाला सांगितलं, "क्लॅरिनेटचं बटण तेवढं बिघडलंय. चाचा लागतीलच." वर त्या बटणावर चिकटपट्टीही मारली.

आज वरात मांडवाच्या दारात आली आणि वरच्या सुरावर चाचांचा दम उखडला. तरी क्लॅरिनेट वाजतच राहिली, पोरं नाचतच राहिली. चाचांनी चमकून मागं पाहिलं. संपतनं चिकटपट्टी सोलली होती.

गाणं संपल्यावर चाचांनी हळूच विचारलं, "बिघडलं होतं ना रे ते?"

"होतं की." संपतनं पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. "बघा, परत बिघडलं. उचला पुढचं गाणं."