नानाजींचा पंप

सिमेंटचा रस्ता उंच झाला आणि गल्लीतली सगळी घरं खाली गेली. एकट्या राहणाऱ्या नानाजींनी अंगणात खड्डा खणून, शिरणारं पाणी बाहेर फेकणारा पंप बसवला. गेल्या पावसाळ्यात घराघरांत पाणी भरलं, तेव्हा कोरडं राहिलं ते त्यांचंच घर. अख्खी गल्ली दोन दिवस तिथं जेवली, झोपली, भांडली, हसली.

निघताना शेजारची मयुरी म्हणाली, "काकाजी, आमच्याकडंही असाच पंप लावून द्या ना जी."

नानाजींनी उन्हाळाभर घरोघरी पंप बसवून दिले, पंपाची जाळी कशी घासायची तेही शिकवलं.

यंदा पुन्हा गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. नानाजींनी सतरंज्या अंथरल्या, मोठ्या गंजात चहा ठेवला. पण सगळ्यांचे पंप चालू होते. कुणीच आलं नाही.

दुपारी मयुरीनं दार उघडलं, तर भिजलेले नानाजी उभे.

"माह्या घरात पानी शिरलं, पोरी. बसू काय इथं थोडा वेळ?"

"अरे बाप रे! तुमचा पंप बिघडला काय जी?"

"हो ना."



पंप त्यांनी स्वतःच बंद केला होता, आणि पाणी उंबरठा ओलांडेपर्यंत वाट बघत बसले होते.