पिवळी टेप

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणं हा माझा धंदा, पण माळ्यावर पडलेल्या आमच्या स्वतःच्या गेमला मी वीस वर्षं हात लावला नव्हता. तो बंद पडला त्या दिवशी त्यावर शेवटी दादाच खेळला होता. बाबांनी उघडून बघितला, "बोर्ड गेला" म्हणाले आणि दादाला पट्ट्याने फोडून काढलं. मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, अजून हाणा. त्याच आठवड्यात दादा मामाकडे निघून गेला, तो परत आलाच नाही.

आज मी तो गेम उघडला. अडॅप्टर ठीक होता, फ्यूज शाबूत होता, पण मीटर लावला तर बोर्डापर्यंत करंटच पोचत नव्हता. स्विचमागची तांबडी वायर कोणीतरी सरळ कापली होती आणि दोन्ही टोकांना व्यवस्थित पिवळी टेप गुंडाळली होती.

बाबा जन्मभर वायरमन. वायरचं टोक उघडं सोडायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या घरातल्या प्रत्येक जोडाला हीच पिवळी टेप आहे.

माझं डोकं सणकलं. गेम तसाच उचलला आणि त्यांच्या पुढ्यातल्या पेपरवर आदळला.

बाबांनी टेपकडे पाहिलं. "तुझं दहावीचं वर्ष होतं. दिवसभर त्यालाच चिकटून असायचास."

"मग दादाला का मारलंत?"

त्यांनी गेमखालचा पेपर हळूच ओढून घेतला.

"नुसता ओरडलो असतो, तर तुला खरं वाटलं नसतं."