पहिल्या फेरीतला गडी

“वाया घालवली! पहिल्या फेरीतली निवड, आणि घेतला कोण, तर हा ठोकळा!” जयेशने फोन कुरिमोतो-सानांच्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर एकशे पंचेचाळीस किलोंचा एक पोरगा टोपी घालून हसत होता.

शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता, जपानमधल्या कोतोतल्या ऑफिसच्या सातव्या मजल्यावर, कॉफीच्या मशीनपाशी हा वाद पेटला. अमेरिकेत अजून गुरुवारची रात्र होती आणि तिथल्या फुटबॉल क्लबांचा ड्राफ्ट चालला होता. वर्षातून एकदा प्रत्येक क्लबने पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू उचलायचे, असा तो प्रकार. जयेश पूर्वी पाच वर्षं ज्या शहरात राहिला, तिथल्या टीमचा तो कट्टर भक्त. कुरिमोतो-सान हे जपानी क्लायंटचे सेक्शन मॅनेजर. तेही कॉलेजपासून त्याच टीमवर जीव टाकणारे.

एरवी जयेश त्यांच्यापुढे नुसती मान डोलवायचा. फुटबॉलमध्ये मात्र अजिबात नाही. “आज तरी गप्प बस रे बाबा,” असं मितालीने त्याला लिफ्टमध्येच बजावलं होतं. कारण अकरा वाजता कुरिमोतो-सान वरच्यांना नाव कळवणार होते. पुण्याच्या कंपनीतून इथे आलेले हे दोघंच, जयेश आणि मिताली. गोल्डन वीकच्या सुट्टीनंतर दोघांपैकी एकच राहणार होता. दुसऱ्याने सामान बांधायचं.

जयेशला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. पहिलीतल्या लेकीला, ओवीला, इथे आत्ता कुठे मैत्रिणी मिळाल्या होत्या. मितालीचं काय, तिचा नवरा इथल्याच सेंदाई शहरात नोकरीत आहे, ती काही रस्त्यावर येत नाही, असं तो स्वतःला दिवसातून दहादा समजावायचा. तरी धास्ती जात नव्हती. ती अशी भलत्याच विषयातून बाहेर पडत होती.

“दोन सीझनमध्ये यानं समोरच्या क्वार्टरबॅकला पाडलं किती वेळा? तीन!”

कुरिमोतो-सानांनी कागदी कप खाली ठेवला. “मी कॉलेजात याच जागेवर खेळायचो, जयेश-सान. समोरचे दोघं एकदम अंगावर येतात. त्या दोघांना हा एकटा थोपवून धरतो. मग शेजारचा मोकळा सुटतो आणि जाऊन पाडतो. नाव त्याचं होतं.”

“ऐकायला छान आहे हो. पण मोजणार कसं? मालकानं विचारलं तर दाखवणार काय? शेवटी आकडेच बोलतात. बाकी सगळ्या गप्पा.”

कुरिमोतो-सानांनी मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढली. “तुमचं बरोबर आहे,” ते सावकाश म्हणाले. “आकड्यांशिवाय मी तरी वर कुणाला काय पटवणार? आठवडाभर ठरत नव्हतं. आता ठरलं.” ते किंचित वाकले, आणि जाता जाता मितालीला तिच्या टेबलावरून उठवून केबिनमध्ये घेऊन गेले.

जयेशला आधी फक्त वाद जिंकल्याचा आनंद झाला. मग डोक्यात उजेड पडला. क्लायंटच्या कारखान्यांची एक तक्रार निस्तरली की एक तिकीट बंद. या वर्षात त्याने तीनशे बारा तिकिटं बंद केली होती. मितालीने एकोणनव्वद. त्याने जागच्या जागी मूठ आवळली आणि बायकोला, नंदिनीला, लिहून टाकलं, ‘राहतोय आपण.’

मितालीच्या टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी त्याने उचलला. पलीकडे कारखान्यातले कोणी वयस्कर गृहस्थ चिडून जपानीत बोलत होते. जयेशला मधला एकच शब्द नीट कळत होता, ‘मिताली-सान’. तो नुसता ‘हाय, हाय’, म्हणजे ‘हो, हो’, करत राहिला. तेवढ्यात दुसरी लाइन वाजली. ही दुसऱ्या कारखान्याची बाई, अगदी रडकुंडीला येऊन मोडक्या इंग्रजीत बोलणारी. स्क्रीन अडकली होती आणि माल भरलेले ट्रक दारात उभे होते. त्याने एकाला थांबवून ठेवलं तर दुसरीचा फोन तुटला. मग दोघांचेही पुन्हा आले.

पंचवीस मिनिटं गेली. त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर अकरा नवी तिकिटं साचली. बंद एकही झालं नव्हतं.

दोन वर्षांत हे फोन त्याच्यापर्यंत कधी आलेच नव्हते; मितालीच ते झेलायची. आपला हात चालतो, आपण झपाट्याने काम उरकतो, असं तो समजून चालला होता. काचेपलीकडे मिताली कुरिमोतो-सानांपुढे कमरेत वाकत होती. जयेशला तिचा रागच आला. एकदा तरी तक्रार करायची ना बाईने! मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती काही केल्या जाईना.

अकराला चार मिनिटं होती. नंदिनीचं उत्तर आलं होतं. ओवी शाळेतून आली की तिला लगेच सांगणार होती ती. त्याने फोन पालथा घातला. उठला, पुन्हा बसला. मग उठला आणि थेट जाऊन केबिनचं दार वाजवलं. मितालीने वळून पाहिलं. तिचे डोळे ओले होते.

“कुरिमोतो-सान,” तो म्हणाला, “माझं चुकलं. तो गडी घेण्यासारखाच आहे.”