जागृत देवस्थान

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर धवलची ‘वारसा सफर’ चालली होती. कामशेतपाशी रस्त्याकडेला शेंदूर फासलेला दगड दिसताच त्याने गाडी थांबवली, बूट काढले, दगडावर कपाळ टेकलं आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, "मित्रांनो, हे जागृत देवस्थान! पण इथल्या अडाण्यांना कसली आलीय इतिहासाची कदर?"

मग शेजारी करवंदं विकत बसलेल्या लीलाबाईंकडे त्याने मोबाइल वळवला. "काय मावशी, चारशे वर्षं तरी झाली असतील ना या देवाला?"

लीलाबाईंनी आधी त्याच्या कपाळाला लागलेला शेंदूर नीट निरखला.

&nbsp;

"गेल्या शिमग्याला देव झाला त्यो. आधी मैलाचा दगड व्हता. तुमच्यासारखे गाडीवाले थांबून त्याच्यावरच मुतायचे, म्हनून मीच शेंदूर फासला."