पुराची रेघ

महापुराचं पाणी बेकरीच्या भिंतीवरच्या लाल रेघेपर्यंत चढलं होतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही छातीठोकपणे सांगे. दंतकथा तपासायला आलेल्या संशोधक बाईंनी पुलावर कोरलेल्या पूरखुणेपासून गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीने पातळी आणली, तर ती रेघेच्या हातभर खाली निघाली. “रेघ कुणी काढली?” “मीच. रंग दिला की नव्याने काढतो.” बेकरीवाले काका भिंतीला टेकून उभे राहिले. “पाणी माझ्या गळ्याशी होतं. बघा, बरोब्बर!” “तेव्हा तुमचं वय?” “सात,” काका बोलून गेले आणि आपल्या आताच्या गळ्याशी आलेल्या रेघेकडे वळून बघू लागले. बाईंनी खडूने खरी खूण केली. ती बाईंच्या स्वतःच्या कमरेशी आली; म्हणजे मोठ्या बाईला पाणी कमरेइतकंच होतं. पाणी गळ्याशी आलं म्हणून धाकटी लेक हातातून निसटली, असं काकांची आई जन्मभर सांगत आलेली. काकांनी खूण पुसली. “ताई, खरं ते लिहा. पण रेघ राहू द्या. आई अजून आहे.”