मोकळा प्रश्न

घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठीच्या मदतवाहिनीवर ती नवीनच लागली होती. प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी एक गोष्ट तिच्या मनावर पक्की ठसवली होती. "'हो' किंवा 'नाही'वर भागेल असा प्रश्न विचारायचाच नाही. समोरच्या बाईला बोलतं करायचं."

दुपारी फोन वाजला.

"बोला, काय झालंय? अगदी मोकळेपणानं सांगा."

"हो," पलीकडची बाई हळूच म्हणाली.

"घरी नेमकं काय घडतंय?"

"हो... हो."

बाई बुजली असेल, असं वाटून तिनं आवाज आणखी मऊ केला. "काही घाई नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

उत्तराऐवजी फोनच्या अगदी जवळून एक पुरुषी आवाज आला, "कोणाशी बोलतेयस एवढा वेळ?"

"बँकेतून आहे," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

मदतवाहिनीतून उलट फोन करायची परवानगी नव्हती. आठवडा गेला, त्या नंबरावरून पुन्हा काही फोन आला नाही.

ताईंनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा एकही प्रश्न चुकला नाही गं. काही बायका नाहीच बोलत. मनाला लावून घेऊ नकोस."

तिला हुंदका आवरेना.

"ताई, ती बोलत होती. तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येत होतं."