डावीकडची खिडकी

"मी सांगितल्याशिवाय ब्रेक नाही," स्वानंद म्हणाला. "आणि वळताना मान फिरव. नुसते डोळे नाही, मान. तीनदा नापास झालीस ती त्याच्यापायीच."

"आणि चौथ्यांदा पास झाले ते?"

"त्या दिवशी परीक्षकाला घरी जायची घाई असेल."

वैभवीने हातातलं स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं गर्रकन फिरवलं. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. उजवीकडे ती, डावीकडे स्वानंद. मागे गादीवर पाच वर्षांची नुपूर टॅबलेट घेऊन बसली होती. स्वानंदच्या डाव्या हाताला बाल्कनीची सरकती काच होती आणि काचेपलीकडे वाळत घातलेली निळी चादर.

समोरच्या भिंतीवर नकाशा होता. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन चार मोठ्या कागदांवर छापून आणलेला, मध्ये टेपने जोडलेला. म्युनिकहून निघायचं, स्वित्झर्लंड, इटली, स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया करत परत म्युनिक. सप्टेंबरात पंधरा दिवस. गाडी सगळी वैभवीने चालवायची. स्वानंदचा उजवा डोळा फेब्रुवारीतच गेला होता. डाव्याबद्दल विचारलं तेव्हा टोकियोच्या डॉक्टरबाई बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, लांबचा प्रवास करायचा असेल तर यंदाच करा.

तेव्हापासून तो रस्ता आखत होता. ऑफिसला जाता-येता ट्रेनमध्ये, फोन नाकाशी धरून. कुठे थांबायचं, पेट्रोल कुठे भरायचं, कुठल्या देशाचा टोलचा स्टिकर कुठल्या पंपावर मिळतो. काही ठिकाणी त्याने सरळ रस्ता सोडून भलताच वळसा घातला होता. इटलीतल्या गार्डा तळ्याशी हायवेने थेट जाता येत होतं, तर हा आधी उत्तरेच्या टोकाला जाणार आणि मग पश्चिमेच्या काठाने खाली उतरणार. दोन तास जास्त. वैभवीने एकदा विचारलं होतं, हे काय म्हणून.

"तळं डावीकडे राहतं," तो म्हणाला होता. तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

"चला, बोगदा संपला," आता तो म्हणाला. "गार्डा आलं. हळू घे. मागच्याला जायचं असेल तर जाऊ दे." तो काचेकडे वळला. "पाणी बघ कसलं आहे! अगदी खिडकीला लागून."

"मी कशी बघू? मी रस्ता बघतेय."

"तू नको बघू. मी सांगतो तुला."

"आई, ग्याकु!" मागून नुपूर जपानीत ओरडली.

"काय उलटं, बाळा?"

नुपूरने दोघांच्या मधून टॅबलेट पुढे केला. त्यांनी ठरवलेल्या भाड्याच्या गाडीचा फोटो होता, चारी दारं उघडी टाकून काढलेला. तिने स्टिअरिंगवर बोट ठेवलं. "हांदोरु, कोच्ची."

स्टिअरिंग डावीकडे होतं.

"अगं बाई, खरंच की," वैभवी हसली. "ऊठ रे स्वानंद, माझ्या जागेवर बसलायस तू."

दोघांनी जागा बदलल्या. वैभवी काचेच्या बाजूला आली. स्वानंद उजव्या खुर्चीत बसला आणि नकाशाकडे बघत राहिला.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. वैभवीला रोज बजावणारा तोच होता. पण पुण्यात काय आणि इथे जपानात, उरायासुत काय, ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस डावीकडे बसतो. इतकी वर्षं तो तसाच बसत आलेला. रस्ता आखताना त्याने स्वतःला तिथेच बसवलं होतं.

"उलटं फिरू या," वैभवी घाईघाईने म्हणाली. "आधी ऑस्ट्रिया करू, शेवटी स्वित्झर्लंड. व्हिसाचे कागद कुठे दिलेत अजून? हॉटेलं मी आज बदलते. मग तळं तुझ्या खिडकीला येईल."

"उजव्या खिडकीला."

"हो, म्हणजे..."

तिच्या मांडीवरचं ताट घसरलं. तिने ते धरलं.

"मग मागे बसशील? डावीकडे? नुपूरला आपण उजवीकडे घेऊ."

"दामे! नाही!" नुपूर म्हणाली. "ती माझी खिडकी आहे."

"तिचीच आहे," स्वानंद म्हणाला. "आणि मला मागे नाही बसायचं. पुढेच बसायचंय."

खालच्या रस्त्यावरून सायकलवाली मुलं ओरडत गेली. नकाशाचा एक कोपरा भिंतीवरून सुटला होता. तो चिकटवायला कोणी उठलं नाही.

"राहू दे सगळं आहे तसंच," तो म्हणाला. "चल, घे गाडी. अजून तळं संपलेलं नाही."

वैभवीने ताट वर धरलं. स्वानंद डावीकडे वळून बघत होता. काच, पलीकडची निळी चादर, आणि मध्ये ती. तिच्या ते लक्षात आलं तशी ती अंग चोरून मागे सरकली, पाठ खुर्चीला टेकवली, डोकंही मागे घेतलं, जितकं जाईल तितकं.

"आता दिसतंय?" तिने समोर बघतच विचारलं.

"नाही," स्वानंद म्हणाला. "पुढे ये जरा. तू दिसत नाहीस."